तुळशीची मोटर आणि फ्लॅशची पाटी

मंडळी, जपानातल्या मराठी घरात सगळ्यात जास्त कोण बोलते, असे विचारले तर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापले माणूस येईल. त्या वादात आम्ही पडत नाही. माणसे वगळली तर आमच्या घरी हा मान न्हाणीघराला आहे. टबातले पाणी तापले की भिंतीवरची ती न दिसणारी बाई एक लकेर वाजवते आणि 'ओफुरो गा वाकिमाशिता' असे गोड आवाजात सांगते. तिच्या खालोखाल भाताचा कुकर. तो शिट्टी मारीत नाही, गाणे म्हणतो. वॉशिंग मशीन, एअर कंडिशनर, सगळ्यांनाच कंठ फुटलेला. या प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी एक चिप असते आणि त्या चिपेत कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. त्याला म्हणायचे फर्मवेअर. चिपेला इथे 'माईकॉन' म्हणतात. कुकर घ्यायला दुकानात गेलात तर स्वस्तातल्या कुकरच्या पाटीवर हा शब्द ठळक दिसेल. (त्या प्रोग्रॅमला जपानी आखूड तांदूळच ठाऊक असतो. आपल्या बासमतीला तो कसा वागवतो, हे घरोघरच्या गृहिणी आमच्यापेक्षा चांगले सांगतील.)

या वेळचा विषय निशी-कासाईतल्या एका स्नेह्यांच्या घरून आला. त्यांची कन्या चुगाक्कोच्या दुसऱ्या वर्षात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या शाळा 'जियू केन्क्यू' नावाचा गृहपाठ देतात, म्हणजे मुलाने आपल्या मनाने काहीतरी शोधून-करून त्याचा अहवाल लिहायचा. या मंडळींचे चार आठवडे पुण्याला जायचे ठरलेले. बाल्कनीत तुळस. ती सासूबाईंनी भारतातून आणलेल्या बियांची, त्यामुळे तिचे काही बरेवाईट झाले तर पुण्यात पाऊल ठेवणे अवघड. तेव्हा कन्येने ठरवले, की कुंडीतली माती सुकली की आपोआप पाणी घालणारे यंत्र करायचे. ईएसपी३२ नावाचा बोर्ड आणला, मातीत खुपसायचा सेन्सर आणला, बोटाएवढा पंप आणला. विमानाला आठ दिवस उरले असताना आम्हांला फोन आला, "काका, प्रोग्रॅम बोर्डात जातच नाहीये!"

तो का जात नव्हता ते सांगतोच. पण 'प्रोग्रॅम बोर्डात जातो' म्हणजे नक्की कुठे जातो, हे आधी सांगायला हवे, कारण ती गोष्ट इथलीच आहे, जपानातली.

पूर्वी चिपेत प्रोग्रॅम घालायचा म्हणजे तो चिप बनवतानाच कारखान्यात तिच्या अंगावर कोरून घ्यावा लागे. याला मास्क रॉम म्हणत. आपण प्रोग्रॅम पाठवायचा, मग आठवडेच्या आठवडे वाट पाहायची आणि हजारोंच्या संख्येने चिपा यायच्या. त्यात एक स्वल्पविराम चुकला असेल तर सगळा माल कचऱ्यात. प्रयोगासाठी दुसरी जात होती. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ती काढली. त्या खिडकीतून अतिनील किरणांचा दिवा पंधरा-वीस मिनिटे दाखवला की जुना प्रोग्रॅम पुसला जाई. मग खिडकीवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर प्रकाशाने अक्षरे उडायची धास्ती. एक ओळ बदलायची तर चिप उचकटा, दिव्याखाली ठेवा, चहा प्या, परत लिहा, परत बसवा. त्या काळातले इंजिनियर प्रोग्रॅम कागदावर दहादा वाचत, त्याचे कारण हे. चहाचे प्रमाणही त्यामुळेच वाढले असावे.

यातून सुटका केली ती मासुओका फुजिओ यांनी. १९४३ चा जन्म, गाव ताकासाकी, शिक्षण सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात, १९७१ पासून नोकरी तोशिबात. विजेनेच पुसता येईल, आणि एकेक अक्षर न पुसता अख्खा भाग एका झटक्यात पुसता येईल, अशी मेमरी त्यांनी कल्पिली. १९८० साली पेटंटचा अर्ज केला, १९८४ साली अमेरिकेतल्या परिषदेत ती जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा दुसरा प्रकार, नँड, मांडला. आज आपल्या फोनमधले फोटो ज्यात राहतात ती हीच नँड. नाव मात्र त्यांचे सहकारी आरिइझुमी शोजी यांनी सुचवले. सगळे एकदम पुसले जाताना पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणे. तेव्हापासून 'फ्लॅश'.

मासुओका १९९४ साली तोहोकु विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परत गेले. पुढे २००४ साली त्यांनी शोधाच्या मोबदल्यासाठी आपल्या जुन्या कंपनीवर १०० कोटी येनचा दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. निळ्या एलईडीच्या नाकामुरांना त्याच्या आदल्या वर्षी साधारण ८४ कोटी येन मिळाले होते. ज्या शोधावर अख्खे उद्योग उभे राहिले, त्याच्या मानाने पहिला आकडा आम्हांला तरी फार लहान वाटतो. इथे संशोधन विभागात काम करणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना जाता जाता सांगून ठेवतो: नोकरीत लावलेल्या शोधाबद्दलचा कायदा त्यानंतर बदलला. २०१६ पासून, कंपनीने आधीच तसे ठरवून ठेवले असेल, तर पेटंटचा हक्क सुरुवातीपासूनच कंपनीचा. तेव्हा 'शोकुमु हात्सुमेइ' असे शीर्षक असलेला नियमांचा कागद सही करण्याआधी एकदा वाचा. सगळेच तो न वाचता सही करतात.

असो. फ्लॅशला आम्ही नेहमी पाटीची उपमा देतो. कोरी पाटी म्हणजे सगळीकडे १. लिहायचे म्हणजे हव्या त्या ठिकाणी १ चा ० करायचा. आता ० चा परत १ करायचा असेल तर बोटाने तेवढेच अक्षर पुसता येत नाही, फडक्याने तो अख्खा चौकोन पुसावा लागतो. ईएसपी३२ च्या बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये हा चौकोन ४ किलोबाइटचा. आत होते काय, तर काचेसारख्या विद्युतरोधक थराने चहूबाजूंनी वेढलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले जातात. वीज गेली तरी ते कोंडलेलेच राहतात, म्हणून प्रोग्रॅम टिकतो. पुसताना जास्त व्होल्टेज देऊन त्यांना त्या थरातून बाहेर ओढायचे. दर वेळी थर थोडा थोडा झिजतो. म्हणून या पाटीला आयुष्य असते. हल्ली हजारो वेळा लिहिता येते. पूर्वी तसे नव्हते.

पूर्वी म्हणजे १९९० च्या दशकात. माईकॉनच्या पोटातच फ्लॅश घालायची ही कल्पना हिताचीने त्या सुमारास बाजारात आणली आणि तिला 'एफ-झेडटॅट' असे नाव दिले. त्यातल्या झेडटॅटचा अर्थ, वाट पाहण्याचा वेळ शून्य. मास्क रॉमचे आठवडे मोजलेल्या माणसाला हे नाव किती गोड लागले असेल, ते तोच जाणे. त्यांच्यातली एच८/३०४८एफ ही चिप पुढे आकिहाबारातल्या आकिझुकी देन्शी या दुकानाने छोट्या बोर्डावर बसवून विकायला सुरुवात केली आणि जपानातल्या हौशी मंडळींच्या एका पिढीचे हात तिच्यावर बसले. तिच्यात लिहायला वेगळे १२ व्होल्ट द्यावे लागत आणि पुनर्लेखनाची हमी होती १०० वेळांची. शंभर म्हटल्यावर माणूस आपोआप जपून लिहितो. हिताची आणि मित्सुबिशी यांचे चिपांचे विभाग २००३ साली एक होऊन रेनेसास झाली, २०१० साली तिच्यात एनईसीचाही विभाग मिसळला. आजही गाड्यांमधल्या माईकॉनांत हे नाव ठिकठिकाणी सापडते.

आकिहाबाराला गेला नसाल तर एकदा मुलांना घेऊन जा. स्टेशनच्या 'देन्कि-गाई' दाराने बाहेर पडले की आपल्या पासोड्या विठोबाची किंवा लॅमिंग्टन रोडची आठवण यावी अशा चिंचोळ्या गाळ्यांतून रेझिस्टर, स्विच, वायरी. फरक एवढाच, की भाव करायचा नाही. तिथल्याच रेडिओ काइकानमध्ये १९७६ साली एनईसीने 'बिट-इन' नावाचे दालन उघडले होते आणि टीके-८० हे किट ८८,५०० येनला विकले होते. सोळा आकडी कळपट, लाल अंकांचा डिस्प्ले. भारतात इंजिनियरिंग केलेल्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. आमच्या कॉलेजातले ८०८५ चे किट याच घराण्यातले. प्रॅक्टिकलला तासभर आकडे ठोकून प्रोग्रॅम भरायचा आणि शेवटच्या ओळीला वीज जायची. पाटी कोरी. वीज आली की सर म्हणायचे, "चला, पुन्हा भरा." शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एटी८९सी५१ ही पोटात फ्लॅश असलेली चिप हाती आली तेव्हा वीज गेल्यावरही प्रोग्रॅम जागेवर पाहून आम्ही ती चिप दोन दिवस खिशात घालून हिंडत होतो. मासुओकांचे नाव मात्र तेव्हा कोणी सांगितले नाही. ते कळले पुढे मास्टर्सला सेंदाईला आल्यावर.

इथे मासिकेसुद्धा बोर्ड वाटतात, हे आम्हांला फार आवडले. आपल्याकडे दिवाळी अंकासोबत पंचांग किंवा कॅलेंडर मिळावे, तशी 'तोरांजिसुता गिजुत्सु' या मासिकाने २००५ च्या एप्रिल अंकासोबत माईकॉनचा खराखुरा बोर्ड पुरवणी म्हणून दिला होता. अंक हातोहात खपला.

आता निशी-कासाईला परत. प्रोग्रॅम जात नाही म्हटल्यावर बाबांनी कॉम्प्युटरवर सगळे सॉफ्टवेअर काढून परत घातले होते. दोनदा. कन्येने बोर्ड बदलून आणायचे ठरवले होते. आम्ही केबल मागितली. शंभर येनच्या दुकानातली, पांढरी, सुंदर. तिच्या पाकिटावर 'ज्यूदेन सेन्यो' लिहिलेले होते, म्हणजे फक्त चार्जिंगसाठी. आत दोनच तारा, विजेच्या. निरोप न्यायच्या तारा नाहीतच. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. नव्या माणसाच्या बोर्डात प्रोग्रॅम न जाण्याचे हे आम्ही पाहिलेले सगळ्यात नेहमीचे कारण. कॅमेऱ्याची केबल लावली आणि कॉम्प्युटरने बोर्ड लगेच ओळखला.

तरी लिहिणे सुरू होईना. पडद्यावर नुसते ठिपके. याचेही कारण साधे असते. चिप जागी होते तेव्हा एका पिनेकडे पाहते. पिन वर असेल तर 'माझ्यात आहे तो प्रोग्रॅम चालवते', खाली ओढलेली असेल तर 'नवीन लिहून घ्यायला बसते'. बोर्डावर 'बूट' असे लिहिलेले बटण त्यासाठी असते. ते दाबून धरायचे, रीसेट द्यायचा, आणि ठिपके थांबून आकडे पळायला लागले की सोडायचे. पुष्कळ बोर्ड हे आपले आपण करतात, काही करीत नाहीत. एच८ च्या काळी यासाठी बारीक स्विच हलवावे लागत. नखे वाढवलेल्या इंजिनियरांना तेव्हा मान होता.

लिहून झाले की पडद्यावर शेवटी 'तपासले' अशा अर्थाची एक ओळ येते. चिपेत पोहोचलेला मजकूर आणि आपण पाठवलेला मजकूर जुळतो आहे, एवढेच ती सांगते. आपण पाठवलेला मजकूर बरोबर होता का, हे तिला माहीत नसते. पोस्टमनने पत्र घरी पोहोचवले म्हणजे पत्रातले खरे, असे कोणी म्हणत नाही. पण पडद्यावर तो शब्द दिसला की भले भले निर्धास्त होतात. कन्येलाही आनंद झाला. सेन्सर मातीतून बाहेर काढला, चिपेला वाटले माती सुकली, पंप फिरला, आणि फिरता फिरता बोर्डच बंद पडून परत सुरू झाला. पुन्हा पंप, पुन्हा बंद. मिनिटात वीस वेळा.

इथून खरा प्रकार सुरू झाला. फ्लॅश करायला दहा सेकंद लागतात, त्यामुळे हात शिवशिवतो. हा आकडा बदल, ती ओळ वर घे, परत फ्लॅश. आम्ही पोहोचण्याआधी बाप-लेकीने मिळून तिसेक वेळा लिहिले होते. बाबा सॉफ्टवेअरचेच, पण बँकेच्या सॉफ्टवेअरचे, तिथे प्रोग्रॅम वीज कमी पडली म्हणून चुकत नाही. "लायब्ररी जुनी असणार," असे त्यांचे ठाम मत. आम्ही विचारले, "बोर्ड काय म्हणतो?" बोर्ड सुरू होताना सीरियल पोर्टवर आपली हकीकत लिहीत असतो. ती खिडकी कोणी उघडलीच नव्हती. उघडली, तर दर वेळी तीच ओळ. व्होल्टेज खाली गेल्यामुळे चिपने स्वतःच स्वतःला रीसेट केले आहे. इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले, तीन दिवस, मिनिटाला वीस वेळा.

तरी आम्ही म्हटले, बोर्डाचे म्हणणे एकदम खरे मानू नका. इथल्या कंपन्यांत एक शब्द सकाळ-संध्याकाळ कानावर पडतो, 'किरिवाके'. तांदूळ निवडताना खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला, तसे दोष कुठे आहे आणि कुठे नाही हे वेगळे करीत जायचे. दुसरा शब्द 'साइगेन', म्हणजे तोच बिघाड आपण ठरवून पुन्हा घडवून आणू शकतो का. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा आमच्या कंपनीतले एक वयस्क सहकारी, बिघाड पाच वेळा ठरवून घडवून दाखवल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावू देत नसत. आणि फ्लॅश करण्याआधी वहीत एक ओळ: काय बदलले, का बदलले, काय दिसायला हवे. त्यांनी तरुणपण मास्क रॉमवर काढलेले होते. तेव्हा हे अति वाटायचे. हल्ली आम्हीच तरुणांना वही आणायला सांगतो आणि त्यांना ते अति वाटते.

तर कन्येने पंप काढून त्या जागी एक छोटा एलईडी लावला. प्रोग्रॅम तोच. बोर्ड अर्धा तास चालला, एकदाही पडला नाही. पंप परत लावला, पडला. मल्टिमीटर लावला तर पंप सुरू होताना काटा खाली येताना दिसत होता. मोटर सुरू होताना क्षणभर फार वीज ओढते, आणि पंप आणि बोर्ड एकाच यूएसबीवर जेवायला बसलेले. पंपाला वेगळे सेल दिले, दोघांची ग्राउंडची तार मात्र एकत्र ठेवली, मोटरवर उलटा एक डायोड टाकला. प्रोग्रॅममधले एक अक्षर बदलले नाही. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण ते राहू द्या.

दोन दिवसांनी परत फोन. रात्री बोर्ड मेला. कॉम्प्युटरला जोडला की जिवंत, बाल्कनीत पॉवरबँकवर ठेवला की काही वेळाने मृत. या वेळी कन्येने फ्लॅश केले नव्हते. तिने दोन रात्री वेळा लिहून ठेवल्या होत्या. "काका, तो झोपल्यावरच मरतो." वीज वाचवायला तिने बोर्डाला तासातासाने जागे व्हायला शिकवले होते. मधल्या वेळात तो इतकी कमी वीज घेई, की पॉवरबँकला वाटे फोन चार्ज होऊन निघून गेला. तो शहाणपणाने स्वतः बंद होई. मग बोर्डाला उठवणार कोण? भिंतीतल्या सॉकेटचा अडॅप्टर लावला आणि प्रश्न मिटला. हे तिने स्वतः शोधले, आम्ही फक्त हो म्हटले.

चार आठवड्यांनी मंडळी परत आली तेव्हा तुळस हिरवीगार होती. शेजारची मिरची वाळून गेली होती, कारण तिच्या कुंडीत नळी कोणी सोडलीच नव्हती. अहवालात बिघाडांचा तक्ता सगळ्यात मोठा झाला.

डीबगिंगची आणखी दोन-तीन हत्यारे सांगून ठेवतो. सगळ्यात जुने म्हणजे एलईडी. प्रोग्रॅम इथपर्यंत आला तर दिवा लाव, एवढे सांगितले तरी अर्धे कोडे सुटते. दुसरे सीरियलवर लिहवून घेणे. यात एक मेख आहे. लिहायला वेळ लागतो, आणि बिघाड वेळेच्या गडबडीतला असेल तर लिहायला सांगितल्याबरोबर तो नाहीसा होतो. डॉक्टरांच्या दारात पोहोचल्यावर खोकला थांबावा तसा. ती ओळ काढली की पुन्हा खोकला. तिसरे, डीबगर जोडून प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवणे. हे फार सोयीचे, पण मोटर किंवा हीटर जोडलेला असताना जपून. प्रोग्रॅम थांबतो, पण पिन ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत राहते. हीटर चालू असताना थांबवलात तर तो चालूच राहणार. आम्ही डीबगर लावण्याआधी हीटरची तार काढून ठेवतो.

कुंडीतली गोष्ट मोठ्या यंत्रांत कशी दिसते, त्याची दोन उदाहरणे याच देशातली. २०१० च्या फेब्रुवारीत टोयोटाने प्रियस आणि तिच्या भावंडांच्या मिळून जपानातल्या सुमारे २ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. ओबडधोबड किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटे. दुरुस्ती काय, तर एबीएसच्या कंट्रोलरमधला प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. गाडी डीलरकडे न्यायची, वायर जोडायची, फ्लॅश करायचे, घरी यायचे. मास्क रॉमच्या दिवसांत एवढे कंट्रोलर बदलावे लागले असते.

दुसरे उदाहरण मात्र डीलरकडे नेता येणारे नव्हते. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तानेगाशिमाहून जाक्साने क्ष-किरणांची दुर्बीण असलेला उपग्रह सोडला. नाव ठेवले 'हितोमी', म्हणजे डोळ्यातली बाहुली. महिनाअखेरीस उपग्रहाने आपला लांब दांडा बाहेर काढला, त्यामुळे त्याच्या वजनाची विभागणी बदलली आणि छोट्या रॉकेटांना किती ढकलायचे याचे आकडे नव्याने वर पाठवावे लागले. ते आकडे तयार करताना चुकले होते, आणि पाठवण्याआधी नीट चालवून पाहिले गेले नाहीत. उपग्रहाने ते घेतले आणि जपून ठेवले. चार आठवडे काही झाले नाही, कारण त्यांची गरजच पडली नाही. २६ मार्चला उपग्रहाला स्वतःच्या फिरण्याचा चुकीचा अंदाज आला. तो स्थिर होता, पण आपण फिरतो आहोत असे त्याला वाटले, आणि ते थांबवायला म्हणून तो खरोखरच फिरू लागला. शेवटचा उपाय म्हणून त्याने रॉकेटांना हाक मारली. रॉकेटांनी ते पाठवलेले आकडे वापरले आणि गिरकी थांबण्याऐवजी वाढली. सौर पंखे तुटून गेले. २८ एप्रिलला जाक्साने आशा सोडल्याचे जाहीर केले.

पोस्टमनने पत्र बिनचूक पोहोचवले होते. त्या थोड्या दिवसांत हितोमीने पर्सियस तारकासमूहाच्या दिशेच्या दीर्घिकांच्या गुच्छाचे जे निरीक्षण केले होते, ते त्याच वर्षी 'नेचर'मध्ये छापून आले. तिच्या जागी दुसरी दुर्बीण, क्रिझम, वर जायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. हे वाचल्यावर कन्येने आम्हांला विचारले, "काका, त्यांच्याकडे वही नव्हती का?" वही असतेच. चालवून पाहण्याची पायरी गडबडीत सुटते. त्यावर पुढे चौकशी झाली आणि अहवालही सगळ्यांना वाचायला मिळाला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

आता खरेदीचे. २०२० च्या एप्रिलपासून इथल्या प्राथमिक शाळांत प्रोग्रॅमिंग सक्तीचे झाल्यामुळे मुलांसाठी बोर्ड पुष्कळ मिळतात. लहानांना मायक्रोबिट, किंवा फुकुइतल्या साबाएमध्ये जन्मलेला इचिगोजाम चांगला. त्यात बेसिकमध्ये लिहिता येते, म्हणजे आई-बाबांनाही आपले कॉलेज आठवेल. राझबेरी पाय पिकोचे बटण दाबून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि प्रोग्रॅमची फाइल नुसती ओढून टाकायची. भारतातून किंवा चीनहून वायफायचा बोर्ड आणणार असाल तर त्याच्यावर 'गितेकी'चे चिन्ह आहे का ते पाहा. ते नसेल तर जपानात त्याचा रेडिओ चालू करणे कायद्यात बसत नाही. प्रयोगासाठी आधी रीतसर कळवून १८० दिवसांची सवलत मिळते, पण घरगुती कुंडीसाठी एवढे कागद करण्यापेक्षा आकिहाबारात चिन्ह असलेला बोर्ड घेणे सोपे. आणि केबल घेताना पाकीट उलटून वाचा. वाचता आले नाही तर दुकानदाराला विचारा, 'देता त्सूशिन देकिमासु का?'